कंसातली पानं

माझी आत्या काय काम करते हे सांगितलं की लोक पुन्हा एकदा विचारायचे, "म्हणजे नक्की काय?" ती वाचायची. दुसऱ्यासाठी, मोठ्यानं, पगार घेऊन. एका श्रीमंत म्हाताऱ्या बाईंची दृष्टी गेली होती. त्यांना दुपारी तीन ते सहा पुस्तक वाचून दाखवायचं आणि बाकीचा दिवस हाकेच्या अंतरावर राहायचं, हे काम तिनं चौदा वर्षं केलं. माझे वडील, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, चारचौघांत सांगताना "ती ग्रंथालयात असते" असं सांगत. बहीण परक्या घरात पगारावर राहते, हे म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. आत्या मात्र सरळ सांगायची, "मी सोबतीण आहे." हा शब्द तिला पुस्तकांत सापडला होता.

पुस्तकं दोनशे वर्षांपूर्वीच्या काळातली. घोडागाड्या, मेणबत्त्या आणि उसासे. बाईसाहेबांच्या सासऱ्यांनी जमवलेलं एक कपाटभर, भाषांतरं सगळी, एकेका कादंबरीचे तीन-तीन खंड. बाईसाहेबांना दुसरं काही चालत नसे. गोष्ट थोड्याफार फरकानं एकच. मुलगी हुशार, देखणी, ताठ मानेची, आणि खिशात दमडी नाही. बाप मेलेला किंवा त्या वाटेवर. घर जाणार सावत्र भावाकडे, चुलत्याकडे, ज्याला कुणी पाहिलेलंही नाही अशा नातेवाइकाकडे. कुणाकडेही, फक्त मुलीकडे नाही. मग ती पाचशे पानं दुसऱ्याच्या घरी राहते, टेकड्यांवर फिरते, वादळात भिजते, तापानं फणफणते, आणि शेवटी एखादा जमीनदार तिच्या स्वभावावर भाळतो. स्वभावावर! आमच्या ओळखीत स्वभावावर भाळलेला जमीनदार एकही नाही, आणि जमीन नसलेलेही फारसे नाहीत.

"अगं, या प्रेमाच्या गोष्टी नाहीतच," आत्या मला सांगायची. "राहायला जागा शोधणाऱ्या बायकांच्या गोष्टी आहेत या. मधून मधून चंद्र उगवतो, एवढंच."

तिलाही तेच हवं होतं. चंद्र नव्हे, जागा. आतून कडी लावता येईल अशी एक खोली, मरेपर्यंत कुणी उठवणार नाही अशी. यापलीकडे तिनं आयुष्यात काही मागितलं असेल तर ते मला माहीत नाही. खरं तर तिनं हेही मागितलं नाही. सगळं दुखणं तिथंच आहे.

खोली तिच्याकडे होती एकेकाळी. खोली कशाला, निम्मं घर होतं. आजोबा काही लिहून न ठेवता गेले, तेव्हा आमचं चार खोल्यांचं घर कायद्यानं भावा-बहिणीचं समसमान झालं. दोन वर्षांनी वडिलांचं लग्न ठरलं. छप्पर बदलायचं होतं, बँकेला कर्जासाठी एकाच मालकाचं नाव हवं होतं. वडिलांनी कागद आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवला. आत्या तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. वडील म्हणाले, "नुसता कागद आहे गं. घर तुझंच आहे." तिनं वाचलासुद्धा नाही. भावानं आणलेला कागद त्याच्या देखत वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. सही केली, चहा प्यायली, कप धुऊन ठेवला. पुढे आई आली, मी झाले, आत्याची खोली आधी बाळंतिणीची झाली आणि मग माझी. आत्याला कुणी जा म्हटलं नाही. फक्त तिचा पलंग दर वर्षी थोडा थोडा दाराकडे सरकत गेला. चाळिशीत तिनं ती नोकरी धरली, कारण नोकरीबरोबर खोली मिळत होती.

मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली. लोखंडी पलंग, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, भिंतीला चार खुंट्या आणि दाराला आतून कडी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला ती कडी लावून दाखवली आणि काढून दाखवली. मी तेव्हा लहान होते, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्या घरात ती कोण होती, हे कुणालाच ठरवता आलं नाही. जेवणाच्या मोठ्या टेबलावर तिला जागा नव्हती आणि स्वयंपाकघरातही तिचं ताट वाढत नसत. तिचं जेवण ट्रेमध्ये वर जायचं. पगार पाकिटातून मिळायचा, तोही हातात नाही. एक तारखेला तो वाचायच्या पुस्तकाखाली ठेवलेला असे, जणू चुकून तिथं पडलाय. चौदा वर्षांत तिनं पगारवाढीचं नाव काढलं नाही. स्वयंपाकीणबाई फटकळ होत्या. एकदा त्यांनी तोंडावरच विचारलं, "वाचनबाई, तुम्ही नक्की आमच्यातल्या का त्यांच्यातल्या?" आत्या म्हणाली, "मी जिन्यातली." दोघी खूप हसल्या म्हणे. नंतर आत्याला ते बराच वेळ आठवत राहिलं.

आता तिच्या वाचण्याची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय. पुस्तक आयत्या वेळी उघडून वाचणं तिला मान्य नव्हतं. आदल्या संध्याकाळी ती दुसऱ्या दिवशीची पानं वाचून तयारी करायची. हातात टोक काढलेली पेन्सिल. बाईसाहेबांना पैशाच्या गोष्टी ऐकायचा कंटाळा होता. कुणाला किती वार्षिक उत्पन्न, मृत्युपत्रात काय लिहिलं, हुंडा किती, गहाण काय पडलं, हे आलं की त्या हात हलवायच्या. "ते गाळ. मला आकडे आले की झोप येते. पुढे त्यांची भेट होते का ते वाच." ज्यांच्याकडे पैसा असतो त्यांनाच तो कंटाळवाणा वाटतो. तर आत्या असा मजकूर आधीच हेरून ठेवायची, त्याला पेन्सिलीनं पुसट कंस घालायची आणि समासात बारीक अक्षरात एक सांधा लिहायची. म्हणजे उडी मारल्यावर ठेच लागू नये म्हणून स्वतः जुळवलेलं वाक्य. "असो. सकाळ झाली." किंवा "वकील निघून गेले, आणि ती बागेत आली." ती उडी इतकी बेमालूम मारायची, की बाईसाहेबांना चौदा वर्षांत कधी कळलं नाही त्या कादंबऱ्यांमधल्या मुली नेमक्या कशाला रडतात ते. त्या समजायच्या, प्रेमाला.

एकदा अशीच एक नायिका काकाकडे स्वतःच्या वाटणीचं मागायला लाजते, असा प्रसंग होता. बाईसाहेब चिडल्या. "काय मेली मुलगी ही! भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. तोंड उघडायला काय झालं?" आत्यानं मान डोलावली आणि पान उलटलं.

बाईसाहेब वाईट नव्हत्या. तसं म्हणून मोकळं होता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. शेवटच्या वर्षी त्यांनी मृत्युपत्र करायला घेतलं, तेव्हा आत्यासमोरच वकिलांना सांगितलं, "मागची खोली हिची. ही जिवंत असेपर्यंत. आणि पुस्तकं हिची." आत्या त्या दिवशी आमच्याकडे आली होती ती एखाद्या मुलीसारखी. जिना चढताना गुणगुणत होती. आईला म्हणाली, "वहिनी, माझं झालं बाई एकदाचं." आईनं तोंडभर अभिनंदन केलं. आईलाही सुटल्यासारखं झालं होतं, ते लपलं नाही.

पुढच्या आठवड्यात वकिलांनी मसुदा टाइप करून आणला, दोन प्रती. बाईसाहेब म्हणाल्या, "वकील वाचतात ते मला समजत नाही. उद्या सह्यांच्या वेळी तू वाच. एक प्रत घेऊन जा, तुझी नेहमीची तयारी करून ठेव."

दुसऱ्या दिवशीचं मला स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. त्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. बाईसाहेब खुर्चीत, साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि शेजारचे निवृत्त इंजिनिअर, वकील टेबलाशी, आणि खिडकीपाशी पुतण्या. घर पुतण्याला जाणार होतं. आत्या तिच्या बिनहातांच्या खुर्चीवर बसून वाचत होती. बंगला, शेअर, दागिने, सगळं खणखणीत आवाजात. सहाव्या कलमापाशी ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पुढे माझ्याविषयी दोन ओळी आहेत, तुम्ही सांगितल्या तशाच."

"नीट लिहिलंय ना?" बाईसाहेबांनी विचारलं.

"हो," आत्या म्हणाली. आणि सातवं कलम वाचायला लागली.

सह्या झाल्या. चहा झाला. आठ महिन्यांनी बाईसाहेब गेल्या.

सहाव्या कलमात लिहिलं होतं, "वाचनबाईंना मागची खोली त्या या घराच्या सेवेत असेपर्यंत वापरता येईल." ही 'सेवेत'ची पाचर पुतण्यानं सुचवली की वकिलांना आपणहून सुचली, देव जाणे. ऐकणारी गेली, वाचायचं कुणासाठी? सेवा संपली. पुतण्या अत्यंत सभ्यपणे बोलला म्हणे. महिन्याची मुदत दिली. निघताना पुस्तकंही दिली, नाहीतरी कपाट विकायचंच होतं. "केव्हाही या, तुमचंच घर आहे," असंही म्हणाला. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा ते बेघर माणसालाच उद्देशून होतं.

मी मृत्युपत्राची नक्कल घेऊन एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "शब्द स्पष्ट आहेत. साक्षीदारांसमोर वाचूनही दाखवलंय. कुणी वाचलं होतं?"

आत्या आमच्याकडे आली ती एक बॅग आणि पुस्तकांचे पाच खोके घेऊन. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. वडील दारात उभे राहून म्हणाले, "ये, ये. तुझंच घर आहे." तिची व्यवस्था पॅसेजमध्ये झाली. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला चपलांचं कपाट, मध्ये घडीची खाट. पॅसेजला दार नसतं. ती कपडे बदलायला बाथरूममध्ये जायची, आणि आत कुणी असलं तर टॉवेल हातात धरून उभी राहायची. रात्री कुणी पाणी प्यायला उठलं की तिच्या तोंडावर फ्रिजचा उजेड पडायचा.

माझी खोली दहा बाय बारा. मी एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर काम करते, लग्न केलेलं नाही, आणि ती खोली म्हणजे माझा जीव. एकेकाळची तिचीच. आत्या आली त्या संध्याकाळी मी तिला म्हणाले, "माझ्या खोलीत झोपतेस का?" ती म्हणाली, "नको गं, तुझा दिवा उशिरापर्यंत असतो, मला उजेडात झोप लागत नाही." मी पुन्हा विचारलं नाही. दिवा बंद करता येतो, हे मलाही माहीत होतं. मी एकदाच विचारलं आणि ती नाही म्हणेल याची खात्री होती म्हणूनच विचारलं. हे मी आज लिहितेय. तेव्हा मूग गिळून बसले होते.

घरात सगळ्यांचं मत एकच होतं, की आत्याकडून नजरचूक झाली. वडील हळहळायचे, "एवढं वाचन, आणि नेमकी स्वतःची ओळ नजरेतून सुटली!" आई म्हणायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." आत्याही मान हलवायची. "सवयीनं नजर पुढे गेली."

एका सुट्टीच्या दुपारी मला काही करायला नव्हतं म्हणून मी खोक्यातली एक कादंबरी काढली. चाळताना ते पुसट कंस दिसले. मग मी सरळ वाचायचं सोडून फक्त कंसातलंच वाचत गेले. आणि काय सांगू, खरी गोष्ट तिथं होती. बाहेर चंद्र आणि बाग, आत भाऊ बहिणीला सांगतोय की तुला काही कमी पडू देणार नाही, आणि त्याची बायको त्या 'काही'तून दर पानाला थोडं थोडं कमी करतेय. तिसऱ्या खंडात मधेच एक घडी घातलेला कागद होता. मृत्युपत्राची आत्याकडची प्रत.

सहाव्या कलमाला पेन्सिलीचा कंस होता. समासात तिच्या बारीक, नेटक्या अक्षरात सांधा लिहिला होता: "माझ्याविषयी दोन ओळी, तुम्ही सांगितल्या तशाच."

नजर पुढे गेली नव्हती. तिनं आदल्या संध्याकाळी वाचलं होतं, ओळखलं होतं आणि गाळायचं ठरवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती पॅसेजमध्ये खाटेवर बसून माझ्या कुर्त्याचं बटण शिवत होती. मी कागद तिच्या मांडीवर टाकला.

"आत्या, तू हे वाचलं होतंस."

तिनं चष्मा सारखा केला. कागद बघितला. "वाचल्याशिवाय खुणा कशा करणार?"

"मग बोलली का नाहीस? चार शब्द! बाईसाहेबांनी तिथल्या तिथं बदलून घेतलं असतं!"

"घेतलं असतं," ती म्हणाली. "माहितेय मला. रात्रभर तेच घोकत होते. सकाळी तर पाठसुद्धा झालं होतं."

"मग?"

"मग काय. समोर त्या बसलेल्या. डॉक्टर, वकील, तो पुतण्या. सगळे जण मी पैशाचं वाचतेय तोवर घड्याळाकडे बघत होते. आणि मी काय म्हणायचं? बाईसाहेब, तुम्ही मेल्यावर माझी जी सोय व्हायची आहे, ती इथं पुरेशी झालेली नाही? जिवंत माणसाच्या तोंडावर?"

"हो! अगदी हेच म्हणायचं!"

"तू म्हटलं असतंस?"

मी तोंड उघडलं. तिच्या डोक्यावरून मला माझ्या खोलीचं दार दिसत होतं, अर्धवट उघडं. तिनं दोरा दातानं तोडला आणि कुर्ता माझ्या हातात दिला. "चौदा वर्षं मी ते पान ओलांडत आले गं," ती म्हणाली. "त्याच्याही आधीपासून. तोंडाला ते शब्द कसे यायचे?" मग ती रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता रडत होती, कारण पॅसेजला दार नव्हतं आणि आई आत झोपली होती.

त्या संध्याकाळी मी तिची खाट माझ्या खोलीत हलवायची असं मनाशी ठरवलं. मग लॅबमध्ये लागोपाठ जादा पाळ्या आल्या, मग खोलीला रंग द्यायचं निघालं, मग थंडी पडली. पॅसेजमध्ये मागच्या दाराखालून वारा यायचा. जानेवारीत तिला ताप आला, छातीत कफ झाला, आणि चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच तिनं प्राण सोडला.

तिला घरी आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी पुढची खोली रिकामी केली. सोफा बाहेर, टीव्ही बाहेर. घरातली सगळ्यात मोठी, उजेडाची खोली. तिथं मधोमध आत्याला ठेवलं. एक नातेवाईक सकाळी पोचणार होते, म्हणून ती रात्रभर तिथं होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कुणीतरी मधलं दार लोटून घेतलं, तेव्हा मला दिसलं, त्याला आतून कडी आहे.

सकाळी माणसं यायला लागली. वडील भिंतीला टेकून बसले होते. ते खरंच रडत होते, त्यात खोट नव्हती. ओळखीच्या एक बाई आईचा हात धरून म्हणाल्या, "शेवटी आपल्या माणसांत गेल्या, हे केवढं भाग्य." वडिलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आपल्या माणसांत काय, तिचंच घर होतं हे."

"निम्मं," मी म्हणाले.

मला स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही. खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. आई डोळ्यांनी गप्प बस म्हणत होती.

"कायद्यानं निम्मं होतं तिचं," मी म्हणाले, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, ती वाचायची तसं. "एकोणतिसाव्या वर्षी तिनं सही करून दिलं. न वाचता. आणि अकरा महिने ती तिकडे झोपली, फ्रिजपाशी. मी माझ्या खोलीत होते."

वडिलांनी मान खाली घातली. त्या बाई खाकरल्या आणि आईला विचारलं, "गाडी किती वाजता यायची आहे?" आई म्हणाली, "बारा वाजता," आणि चहाचं बघायला आत निघून गेली.